तरणतलावाची शिडी डुगडुगू नये म्हणून : नवख्यांसाठी मार्गदर्शन

तलावातून बाहेर येणारा माणूस शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, तेव्हा त्याचे तळवे ओले असतात, दंड थकलेले असतात आणि इतका वेळ पाण्याने पेललेले त्याचे वजन एकेका पायरीगणिक अंगावर परत येत असते. नेमक्या त्या क्षणी शिडी हलली, तर सावरायला हाताशी दुसरे काहीच नसते. पट्टीच्या पोहणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण तो काठाला हात लावून वर येतो. शिडीची खरी गरज असते ती वयस्क माणसांना, लहान मुलांना आणि नुकतेच पाण्यात उतरू लागलेल्यांना, आणि पाय निसटल्यास इजाही त्यांनाच अधिक होते. म्हणून डुगडुगणारी शिडी ही किरकोळ गैरसोय समजून पुढच्या सुट्टीपर्यंत ढकलण्याची बाब नव्हे.

नवख्या माणसाकडून पहिली चूक होते ती घाईची. शिडी हलते असे कळताच तो पाना घेतो आणि दिसेल तो बोल्ट आवळू लागतो. शिडी वर जिथे धरलेली असते तिथे, खाली जिथे टेकलेली असते तिथे किंवा पायऱ्या आणि दांडे यांच्या सांध्यांत, अशा तीनच ठिकाणी साधारणपणे दोष असतो. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी आवळून जात नाही, उलट धडधाकट भाग मोडतो. त्यामुळे हलते कुठे हे आधी शोधावे आणि मगच हत्याराला हात लावावा, हा या लेखातील प्रत्येक सूचनेचा पाया आहे.

शिडी कोणत्या जातीची आहे

जमिनीत खोदलेल्या तलावांना बहुधा स्टेनलेस स्टीलच्या वाकवलेल्या नळ्यांची शिडी असते. तिचे दोन दांडे काठावरच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या सॉकेटांत, म्हणजे नळकांड्यांत, बसवलेले असतात, तिथून ते कमानीसारखे वळून पाण्यात उतरतात आणि त्यांची खालची टोके रबरी टोप्यांच्या आधाराने भिंतीला टेकतात. जमिनीवर उभारलेल्या, लायनरच्या (आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या) तलावांना मात्र काठच नसतो. तिथे एक तर दोन्ही बाजूंना पाय असलेली, रंगारी वापरतात त्या घोड्यासारखी शिडी तलावाच्या भिंतीवरून टाकलेली असते, नाहीतर तलावाच्या आत ठेवायच्या प्लॅस्टिकच्या रुंद, पोकळ पायऱ्या असतात. पहिल्या जातीची शिडी सैल पकडीमुळे हलते, तर दुसऱ्या जातीची मुख्यतः वजनाअभावी आणि खालच्या जमिनीमुळे. दोघींवरचे उपाय निराळे असल्याने त्यांचा विचारही येथे वेगवेगळा केला आहे.

वजन कुठून कुठे जाते

खोदलेल्या तलावाच्या शिडीत बोल्टपेक्षा खालच्या रबरी टोप्या अधिक काम करतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. साधा हिशेब करून पाहू. समजा, ७० किलो वजनाचा माणूस पायरीवर उभा आहे आणि ती पायरी सॉकेटच्या रेषेपासून ५० सेंटिमीटर पुढे, पाण्याच्या बाजूला आहे. या वजनामुळे सगळी शिडी सॉकेटभोवती फिरू पाहते आणि तिचे खालचे टोक भिंतीकडे ढकलले जाते. रबरी टोप्या सॉकेटच्या पातळीपासून एक मीटर खाली भिंतीला नीट टेकलेल्या असतील, तर दोन्ही टोप्यांवर मिळून सुमारे ३५ किलोचा दाब येतो आणि भिंत तो सहज सोसते. टोप्या झिजलेल्या किंवा गळून पडलेल्या असतील, तर तेच काम सॉकेटच्या आत दहा-एक सेंटिमीटर शिरलेल्या नळीला करावे लागते, आणि मग सॉकेटांच्या कडांवर येणारा दाब ३५० किलोच्या घरात जातो. दांडा सॉकेटमध्ये आवळून धरणारी पाचर कितीही घट्ट मारली तरी इतका ताण रोज सोसणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.

माझ्या पाहण्यातल्या एका तलावावर एका हंगामात चार वेळा शिडीचे बोल्ट आवळले गेले. दर वेळी आठवडाभर शिडी शांत राही आणि मग पुन्हा डुलू लागे. पाचव्या खेपेला सॉकेटची कड तडकली. शिडी वर उचलल्यावर दिसले, की उजव्या दांड्याच्या टोकाला टोपीच नव्हती. ती तळाच्या जाळीपाशी, शेवाळाने हिरवी होऊन पडलेली सापडली. तळहातात मावणाऱ्या त्या रबराकडे वेळीच लक्ष गेले असते, तर काठ फोडण्याची वेळ आली नसती.

हलते कुठे, ते शोधणे

तपासणीच्या वेळी तलावात पोहणारे कोणी नसावे. काठावर गुडघे टेकून बसावे आणि दांडा जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथले चकतीसारखे गोल झाकण वर सरकवून दोऱ्याने दांड्याला बांधून ठेवावे. मग एका हाताचे बोट अर्धे दांड्यावर आणि अर्धे सॉकेटच्या कडेवर टेकवावे आणि दुसऱ्या हाताने दांडा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली असा हलवून पाहावा. डोळ्यांना दिसत नाही इतकी हालचालही बोटाला कळते. सॉकेटमध्ये पाणी साचले असेल, तर दांडा हलताच ते कडेने बुडबुडत वर येते आणि पुन्हा आत शोषले जाते. असे दिसले, तर पाचर सैल झाली आहे असे खुशाल समजावे.

बोटाखाली दांडा आणि सॉकेट एकत्रच हलत असतील, तर पाचर ठीक असून सॉकेट काँक्रीटमधून सुटले आहे. अशा वेळी सॉकेटभोवती केसाएवढी गोल भेग बहुधा दिसते.

वरच्या टोकाला काहीच हलत नसेल आणि तरीही पायरीवर उभे राहिल्यावर शिडी मागे जात असेल, तर दोष खाली आहे. पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरावे, एकाने काठावरून दांडे धरून हलकेच हलवावेत आणि दुसऱ्याने खाली टोपी व भिंत यांच्या मधल्या जागेत बोट घालून पाहावे. दोन्ही टोप्या एकाच वेळी भिंतीला लागल्या पाहिजेत. एक लागली आणि दुसरी अधांतरी राहिली, तर शिडी पिळवटल्यासारखी हलते, आणि हा दोष पहिल्या फेरीत हमखास नजरेतून सुटतो.

राहता राहिल्या पायऱ्या. प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी धरून तिची कड वर-खाली दाबून पाहावी.

पाचर सैल असेल तर

सॉकेटच्या आतली रचना एकदा समजली, की हे काम अवघड राहत नाही. सॉकेट म्हणजे पितळेसारख्या धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची पुरलेली नळकांडी. तिच्यात दांडा उभा असतो आणि दांड्याच्या बाजूला एक तिरकी पाचर असते. पाचरीतून उभा बोल्ट गेलेला असतो. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि तिरक्या अंगामुळे दांडा व सॉकेटची भिंत यांच्यामध्ये गच्च अडकते. म्हणजे दांड्याला बोल्टने थेट धरलेले नसते. त्याला धरते पाचरीचे घर्षण, आणि बोल्ट फक्त पाचरीला ओढतो.

वर्षानुवर्षे न उघडलेली पाचर नुसती आवळण्यापेक्षा एकदा पूर्ण उघडून साफ करणे केव्हाही चांगले. त्यासाठी बोल्ट तीन-चार फेरे सैल करावा, पण पूर्ण काढू नये. पूर्ण काढला तर पाचर तळाशी पडते आणि चिमट्याने बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो. सैल झालेल्या बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे पाचर खाली सरकून सुटते. गंजाने धरलेली पाचर पहिल्याच ठोक्याला दाद देत नाही. तिथे गंज सोडवणारे तेल थेंबभर सोडून काही तास थांबावे, मात्र ते तलावात ओघळू देऊ नये. दोन्ही पाचरी सुटल्यावर दोघांनी मिळून, दोन्ही दांडे एकाच वेगाने, सरळ वर उचलावेत. एकीकडून आधी उचलली तर शिडी तिरकी होऊन सॉकेटमध्येच अडकते आणि मग ओढाताणीत काठाच्या लाद्या फुटतात. रिकाम्या सॉकेटांवर लगेच बुचे बसवावीत, कारण अनवाणी चालणाऱ्याचा अंगठा नेमका तिथेच जातो.

सॉकेटमधली वाळू, पाने आणि चिखल काढून पितळी तारांच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने आतून घासावे. साध्या लोखंडी तारांचा ब्रश स्टेनलेसच्या जवळपास आणू नये. त्याचे बारीक कण नळीत रुतून बसतात आणि पुढे त्यांचाच गंज चढून चांगल्या नळीवर तांबडे डाग उमटतात. बोल्टचे आटे गेले असतील किंवा पाचरीच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील, तर डागडुजी न करता तो संच बदलावा. नवा घेण्यापूर्वी नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. ४३ मिलिमीटर आणि ४८ मिलिमीटर अशी दोन मापे सर्रास आढळतात, आणि मोठ्या सॉकेटमध्ये बारीक नळी बसवून जाड पाचरीने भागवण्याचा मोह पडतो. तसे केलेली शिडी फार दिवस टिकत नाही.

परत बसवताना बोल्टला आटे जाम होऊ न देणारे मलम लावावे, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट सहज फिरेल. ते फक्त आट्यांनाच लावावे. पाचरीच्या अंगाला किंवा दांड्याला ग्रीस लागले, तर ज्या घर्षणावर सारी मदार आहे तेच नाहीसे होते. ‘चांगले ग्रीस भरून बसवले, तरी आठवड्यात सैल झाले’ अशी तक्रार असेल, तर कारण बहुधा हेच असते.

आवळण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. एकाने शिडी भिंतीकडे रेटून धरावी, जेणेकरून दोन्ही टोप्या पक्क्या टेकलेल्या राहतील. दुसऱ्याने आधी डावा, मग उजवा, असे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा देत बोल्ट आवळावेत. मध्येच एखाद्या पायरीवर पाणसळ ठेवून ती समपातळीत आहे का, हे पाहावे. आखूड पान्याने, मनगटाच्या जोरावर जेवढा बोल्ट आवळला जातो तेवढा पुरेसा असतो. पान्याला पाइप जोडून जोर लावला, तर प्लॅस्टिकचे सॉकेट तडकते आणि धातूचे असेल तर नळी चेपते. चेपलेल्या नळीवर पाचर पुन्हा कधीच सर्व अंगांनी बसत नाही.

रबरी टोप्या आणि पायऱ्या

टोप्या नेहमी जोडीने बदलाव्यात. एक नवी आणि एक झिजलेली असली, की त्यांच्या जाडीतल्या फरकाएवढी शिडी तिरपी होते. नवी टोपी चढत नसेल, तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी आणि नळीच्या टोकाला साबणाचे पाणी लावून पिळत-पिळत बसवावी. बसवण्यापूर्वी नळीच्या टोकावरून कापडातून बोट फिरवून धार तपासावी, आणि धार लागत असेल तर कानशीने ती मारावी. ही धार टोपीला आतून कापत राहते आणि एक दिवस थेट लायनरवर किंवा गिलाव्यावर येऊन टेकते. तलावाची भिंत फायबरची असेल, तर टोपी टेकते तिथे भिंत दबते का, हेही पाहावे. दबत असेल, तर भिंतीमागे आधार हवा, आणि ते काम तलाव बांधणाऱ्या कारागिराचे आहे.

पायऱ्यांचे बोल्ट दोन पान्यांनी, एकाने नट धरून आणि दुसऱ्याने बोल्ट फिरवून आवळावेत. प्लॅस्टिकच्या पायरीला टोकाशी बारीक चीर दिसली, तर ती बदलावी. तिला चिकटवण्याचे सर्व प्रयत्न पाण्यात फसतात.

सॉकेटच सुटले असेल तर

हे काम वेळ घेते आणि त्यात अर्धवट उपाय चालत नाहीत. भेगेत सिमेंटचे पातळ मिश्रण ओतून भागत नाही, कारण वरचा थर धरतो आणि खालचे सॉकेट पोकळीतच हलत राहते. सैल काँक्रीट काढून, घट्ट थर लागेपर्यंत भोक स्वच्छ करून, सॉकेट आकुंचन न पावणाऱ्या सिमेंटमध्ये किंवा पाण्यात चालणाऱ्या इपॉक्सीत नव्याने बसवावे लागते. बसवताना शिडी स्वतःच साचा म्हणून वापरावी. दोन्ही सॉकेटे दांड्यांवर चढवून शिडी जागेवर उभी करावी, ओळंब्याने दांडे सरळ आहेत याची खात्री करावी, दोन सॉकेटांमधले अंतर वर-खाली सारखे आहे ना ते मोजावे आणि मगच भोक भरावे. सॉकेटे आधी पक्की करून मागाहून शिडी घालू पाहणाऱ्याच्या पदरी हमखास निराशा येते, कारण बोटभर फरकानेही दांडे आत जात नाहीत. सॉकेटची कड काठाच्या पातळीला असावी, वर आली तर ठेच लागते. भरलेल्या मसाल्याच्या पिशवीवर छापलेली मुदत पूर्ण होईपर्यंत शिडीवर कोणीही चढू नये, मग घरातली मुले कितीही मागे लागोत.

धातूच्या सॉकेटला अनेकदा तांब्याची एक तार जोडलेली असते. तलावाच्या आसपासचे सर्व धातूचे भाग एकाच विद्युत पातळीवर राहावेत, म्हणून ती असते. पंपात किंवा दिव्यात बिघाड झाला, तरी पाण्यात उभा असलेला आणि शिडीला धरलेला माणूस दोन वेगळ्या विद्युतदाबांच्या मध्ये सापडू नये, हा तिचा हेतू. सॉकेट काढताना ही तार तुटली, तर परवानाधारक विद्युत कारागिराकडून ती पुन्हा जोडून तपासून घेतल्याशिवाय तलाव वापरू नये. शिडीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर शिडीचे सगळे काम तिथेच थांबवावे, मुख्य स्विच बंद करावा आणि पाण्यातल्या माणसांना धातूला न शिवता बाहेर येण्यास सांगावे.

जमिनीवरच्या तलावात : पाण्यात वजन हरवते

प्लॅस्टिकच्या पोकळ पायऱ्या घरी उचलताना जड वाटतात आणि पाण्यात सोडल्या की तरंगू लागतात. याचे कारण पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची घनता पाण्याहून किंचित कमी, म्हणजे पाण्याची १ धरली तर ०.९५ च्या आसपास असते. १५ किलोच्या अशा पायऱ्या पूर्ण बुडाल्या, की खाली दाबण्याऐवजी पाऊण किलोच्या जोराने वर येऊ पाहतात. त्यातच कप्प्यांत हवा अडकलेली असेल, तर प्रत्येक लिटर हवेमागे आणखी एक किलोची उचल मिळते. म्हणून पायऱ्या पाण्यात उतरवताना आडव्या करून, हळूहळू तिरक्या करत, बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढून टाकावी, आणि मगच वजनाचा विचार करावा.

वजन म्हणून काय घालावे, याबद्दल बराच गैरसमज आहे. पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा कॅन कप्प्यात ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. तलावाच्या पाण्यात पाण्याला वजनच नसते, त्यामुळे त्या बाटल्या असल्या काय नि नसल्या काय, सारखेच. वजन हवे ते पाण्यापेक्षा दाट पदार्थाचे. वाळूच्या कणाची घनता २.६५ असते, म्हणून १० किलो कोरडी वाळू पाण्याखाली सुमारे ६.२ किलोचे काम करते. काँक्रीटचा १० किलोचा ठोकळा जेमतेम ५.८ किलोचे. लोखंड सर्वांत जड असले, तरी ते क्लोरीनच्या पाण्यात गंजते आणि लायनरवर कायमचे डाग पाडते, त्यामुळे ते वापरू नये. थोडक्यात, उत्पादकाने पत्रकात जितके वजन घालायला सांगितले असेल तितके तंतोतंत घालावे, आणि ते आकडे कोरड्या वाळूचे आहेत की पाण्याखालच्या भाराचे, हे नीट वाचावे.

वाळू धुतलेली आणि चाळलेली असावी. ती थेट कप्प्यात न ओतता रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरावी, वर पाणी ओतून बरणी हलवावी, कणांमधली हवा निघाल्यावर पुन्हा वाळू घालावी आणि झाकण घट्ट लावावे. कापडी पिशव्या पाण्यात कुजतात, आणि सुटलेली वाळू गाळणीपर्यंत पोहोचली की शिडीऐवजी पंप दुरुस्त करायची वेळ येते. भार दोन्ही बाजूंना सारखा आणि शक्य तितका खालच्या कप्प्यांत ठेवावा. कधीकधी पुरेसा भार घालूनही पायऱ्या डुलतात, कारण तो भार वरच्या पायरीखाली ठेवलेला असतो.

पायऱ्यांखाली जाड, मऊ चटई अंथरावी. चटई टाकण्यापूर्वी तळ हाताने चाचपून घ्यावा. वाळूचा एक खडा चटई आणि लायनर यांच्यामध्ये राहिला, तर माणसाच्या वजनाखाली तो दिवसाकाठी कितीतरी वेळा लायनरवर घासला जातो, आणि मग तलावाची पातळी का उतरते याचा शोध सुरू होतो. पायऱ्यांचे वरचे टोक डेकला किंवा तलावाच्या कठड्याला दिलेल्या पट्ट्यांनीच बांधावे. दोरीने बांधलेली शिडी सुरुवातीला घट्ट वाटते, पण भिजता-सुकताना दोरीचा ताण बदलत राहतो, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

घोड्यासारख्या शिडीचे चार पाय दोन निरनिराळ्या जगांत उभे असतात. दोन पाण्यात, लायनरवर, आणि दोन बाहेर, जमिनीवर. बाहेरची माती तलावातून उडालेल्या पाण्याने भिजून मऊ होते, एक पाय खचतो आणि सारी शिडी त्या बाजूला कलते. म्हणून बाहेरच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच सपाट फरशी किंवा काँक्रीटचा ठोकळा, पाणसळ लावून, बसवावा. प्रत्येक पायाखाली वेगळी वीट ठेवली, तर दोन विटा दोन वेगाने खचतात. शिडीची उंची तलावाच्या भिंतीच्या उंचीशी जुळलेली असावी. वरचा मंच भिंतीला घासत असेल, तर माणसाचा भार भिंतीवर जातो, आणि तो सोसण्यासाठी ती भिंत बांधलेली नसते. मधल्या आडव्या पट्ट्या पूर्ण उघडून कडी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय कोणी वर चढू नये, आणि एका वेळी एकानेच चढावे.

गंज

‘स्टेनलेस’ या नावावरून त्याला गंज चढतच नाही असे वाटते, पण खाऱ्या आणि क्लोरीनच्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे तेही हार मानते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली बंदिस्त तरणतलावाचे छत कोसळून १२ जण दगावले, ते छत पेलणाऱ्या स्टेनलेसच्या सळया ताणाखाली आतून गंजल्यामुळे. शिडीवर तेवढा भार नसतो, हे खरे, तरी धडा तोच आहे. मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे पोलाद ३०४ प्रतीपेक्षा क्लोराइडपुढे अधिक टिकते, म्हणून खाऱ्या पाण्याच्या तलावात तेच घ्यावे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा. क्लोरीनच्या गोळ्यांचा तरंगता डबा शिडीमागे अडकून राहू देऊ नये. त्या गोळ्यांचे पाणी तीव्र आम्ल असते आणि डबा रात्रभर तिथे राहिला, तर त्याच्या उंचीवर नळीवर डागांचा पट्टा उमटतो. आठवड्यातून एकदा काठावरचे दांडे गोड्या पाण्याने धुऊन पुसले, तर हा त्रास बराच टळतो. जिथे पाणी गोठते, तिथे हिवाळ्यापूर्वी शिडी काढून सॉकेटे कोरडी करून बंद करावीत, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि सॉकेट आतून फोडते.

शिडी आणि लहान मुले

शिडी आणि भिंत यांच्यामधून किंवा पायऱ्यांमधून पोहत जाण्याचा खेळ मुलांना आवडतो, आणि तो कोणत्याही सबबीवर चालू देऊ नये. तिथे हात, पाय किंवा डोके अडकले, तर पाण्याखाली ते सोडवायला फार थोडे क्षण मिळतात. टोपी झिजली किंवा शिडी सरकली की ही फट बदलते, आणि काल सुरक्षित असलेली जागा आज नसते. शिड्यांसाठी युरोपात ईएन १३४५१ या मानकाचा स्वतंत्र दुसरा भाग आहे. नवी शिडी घेताना ती अशा एखाद्या मानकाप्रमाणे बनवलेली आहे का, हे विचारून घ्यावे. जमिनीवरच्या तलावाची बाहेरची शिडी मात्र वापर संपताच काढून किंवा वर उचलून कुलूपबंद करावी. ती जितकी पक्की उभी असेल, तितकी दोन वर्षांच्या मुलाला पाण्यात नेणारी सोपी वाट ठरते.

काम झाल्यावर

पहिल्यांदा शिडीवर कोणा वयस्क माणसाला चढवू नये. ज्याने काम केले त्याने स्वतः पाण्यात उतरावे, दुसऱ्याने काठावर बसून बोट सॉकेटच्या कडेवर ठेवावे, आणि प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कडेला भार देत वर यावे. बोटाला काहीही जाणवले नाही, तर झाकणे खाली सरकवण्यापूर्वी बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या पाचरीपर्यंत न पुसणाऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढावी. पुढे दर महिन्याला झाकण उचलून ही रेघ पाहावी. ती जुळलेली असेल, तर बोल्टला हात लावण्याची गरज नाही. ती तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर बोल्ट फिरला आहे. तेव्हा पाना उचलण्याआधी पाण्यात उतरून खालच्या टोप्या तपासाव्यात.